विहिरींना रंग दिले तो उन्हाळा

यंदा फाल्गुन संपायच्या आतच टँकरचे आवाज सुरू झाले. भरलेल्या टँकरचा आवाज निराळा आणि रिकाम्याचा निराळा, हे मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. भरलेला टँकर खड्ड्यातून जाताना गाभण म्हशीसारखा कण्हतो. रिकामा मात्र मोठा पराक्रम गाजवून आल्यासारखा खडखडत परततो. नांदेडला गोदावरी आहे. तिच्यात दरवेळी पाणी असतंच असं नाही, पण नाव असतं, आणि त्या नावावर आम्ही बरेच उन्हाळे काढले आहेत. त्यामुळे टँकर म्हणजे आम्हाला शेजारच्या घरातलं आजारपण. काळजी वाटते आणि झोपही लागते.

त्याच आठवड्यात पेपरात नव्या जिल्ह्याची बातमी आली. लातूरमधून उदगीर वेगळं होणार, जळकोट तिकडं जाणार, आमच्या नांदेडचाही एखादा तुकडा त्यात पडणार. ही बातमी दुष्काळाची सख्खी बहीण आहे. विहिरी तळाला गेल्या की ती वर येते. पाणी देता येत नसेल तेव्हा मुख्यालय देऊ करावं, असा काहीतरी नियम असावा. चौकाचौकांत फ्लेक्स लागतात, त्यांवर हात जोडलेले चेहरे असतात, आणि त्या फ्लेक्सच्या सावलीत रिकाम्या घागरी रांगेत बसतात. फ्लेक्सचा तेवढा उपयोग आहे, हे मान्य केलं पाहिजे.

टँकर आणि जिल्हा एकत्र आले की मी पेपर घडी करून बाजूला ठेवतो. लातूरला रेल्वेने पाणी आलं तो उन्हाळा आठवतो. त्या वर्षी कडुलिंबाला मोहोर नेहमीसारखाच आला होता, हे मला तेव्हाही विचित्र वाटलं होतं. सगळं रान करपलेलं आणि लिंबाखाली तो गोडसर, ओलसर वास. ओढ्यांच्या पात्रात चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. चालताना पायाखाली खापऱ्या फुटल्यासारखा आवाज यायचा. माणसं हळू आवाजात बोलायची. जोरात बोललं तर घशाला कोरड पडते, आणि कोरड पडली तर पाणी मागावं लागतं.

सुमन माझी जुनी विद्यार्थिनी. जळकोट भागातल्या गावांमध्ये विहिरींचं पाणी तपासणारी एक छोटी संस्था ती चालवायची. बाटल्यांमध्ये पाणी भरायचं, तपासायला पाठवायचं आणि कुठलं प्यावं, कुठलं नुसतं वापरावं हे लोकांना सांगायचं. काम चोख होतं, पण दिसायला अगदीच गरीब. तिचा वार्षिक अहवाल दहावीच्या प्रश्नपत्रिकेसारखा दिसायचा आणि देणगीदार तो प्रश्नपत्रिकेइतक्याच आनंदाने उघडायचे.

त्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका डिझाइन कंपनीने तिला आपणहून फोन केला. तुमची चिन्हं, फलक, अहवाल सगळं आम्ही करून देऊ. एक पैसा घेणार नाही. अशा कामाला ते लोक ‘प्रो बोनो’ म्हणतात. शब्द लॅटिन आहे, अर्थ लोकहितासाठी. आमच्याकडे या अर्थाला बरेच शब्द आहेत आणि प्रत्येकाची इज्जत वेगळी. सरकार देतं ते मोफत. देवाच्या दारात मिळतं तो प्रसाद. पुढाऱ्याने दिलं तर सेवा, आणि तिच्याबरोबर फोटो येतो. आणि घेणाऱ्याच्या मनात या सगळ्यांना मिळून एकच शब्द असतो, फुकट. फुकट मिळालेल्या वस्तूला माणूस नावं ठेवतो, पण तिच्या मागे. तोंडावर ठेवत नाही.

सुमनने मला फलकांवरची मराठी लिहायला सांगितली. मी लिहिलं: ‘हे पाणी पिण्यासाठी आहे.’ आणि दुसऱ्यावर: ‘हे पाणी धुण्यासाठी व जनावरांसाठी वापरावे. पिऊ नये.’ कंपनीतली मृण्मयी नावाची मुलगी हे काम बघत होती. तिने फोन करून फार नम्रपणे सांगितलं, “सर, वाक्यं सुंदर आहेत, पण लांबून वाचता येत नाहीत. आपण पहिल्यावर नुसतं ‘प्यावे’ आणि दुसऱ्यावर ‘पिऊ नये’ एवढंच ठेवूया का?” तिचं बरोबर होतं. मराठीच्या मास्तराला कमी शब्दांत बोलायला शिकवण्याचं काम फुकटात होत असेल, तर घ्यावं.

मृण्मयीबद्दल माझं मत वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. या मुलीने वर्षभर बिस्किटांची वेष्टनं केली होती. एका वेष्टनावरच्या दुधाच्या धारेची जाडी किती, यावर तिच्या ऑफिसात बैठका झाल्या होत्या. तिला काहीतरी खरं करायचं होतं. अशा कंपन्यांना या कामातून काय मिळतं, असं लोक कुत्सितपणे विचारतात. हेच मिळतं. शहाणी, कंटाळलेली पोरं नोकरी सोडत नाहीत, नव्या गिऱ्हाइकाला दाखवायला काम होतं, नाव होतं. यात गैर काही नाही. आणि संस्थेलाही मिळालंच. टँकर येण्याच्या वेळांचा तिने केलेला फलक इतका सोपा होता की जळकोटकडच्या गावांतली टँकरवरची भांडणं खरोखर कमी झाली. अहवाल तर लग्नपत्रिकेसारखा देखणा झाला. त्यातल्या नकाशात तिने होऊ घातलेला उदगीर जिल्हाही फिकट रेषेने दाखवला होता. लोक तो बोट लावून बघायचे. सरकारच्या आधी जिल्हा तिनेच केला.

ज्या गावाबद्दल लिहितोय त्याचं नाव लिहीत नाही. तिथं अजून माणसं राहतात.

गावाचे दोन भाग. चढावर वरची गल्ली, तिथं शेतकऱ्यांची घरं. उतारावर, ओढ्याकडे, बौद्धांची वस्ती, भीमनगर. वरच्या गल्लीतल्या विहिरींचं पाणी त्या वर्षी खारट झालेलं, तपासणीत क्षार भलतेच निघालेले. गोडं पाणी उरलं होतं ते भीमनगरच्या कडेला, गयाबाईच्या विहिरीला. गयाबाई साठीची, बारीक चणीची, विधवा बाई. पूर्वीच्या वतनातला जमिनीचा एक तुकडा आणि त्यातली ही विहीर एवढं तिचं होतं. विहिरीवरची मोटार मात्र वरच्या गल्लीतल्या व्यंकटरावांची. त्यांनी ती आणून बसवली, बाजूला हौद बांधला, आणि दोन्हीकडच्या बाया त्या हौदावर पाणी भरू लागल्या. विहीर तिची, मोटार त्यांची. करार नाही, बैठक नाही. एके काळी या दोन वस्त्यांमध्ये पाण्यावरून काय होतं ते इथं सांगायची गरज नाही. त्या हौदावरही ते कुणी बोलत नव्हतं, आणि म्हणूनच तो हौद चालला होता.

मी सुमनबरोबर तिथं गेलो तेव्हा वरच्या गल्लीतली एक बाई घागर विसळत कुरकुरत होती, “गयाबाई, हौदाच्या तळाला गाळ बसलाय की वं.”

“मग उतर आत आन् काढ,” गयाबाई म्हणाली. “पाणी मी देते, आता न्हाऊ बी मीच घालू का तुला?”

सगळ्या हसल्या. गयाबाईही हसली, पण हौदावरून तिची नजर हलली नाही. नंतर ती सुमनला म्हणाली, “ताई, ह्या बाया येत राहाव्या. पाणी आटलं तर आटलं, त्याला काय इलाज न्हाई. पर आटायच्या आधी कुणी यायचं बंद होऊ नये. मला दुसरं काय नको.”

विहिरींवर रंगवायच्या गोलांचे नमुने तयार झाले. पिण्याच्या पाण्याला निळा गोल. न पिण्याच्या पाण्याला केशरी.

मी ते सुमनच्या ऑफिसात पाहिले आणि म्हटलं, “सुमन, रंग बघितलेस का?”

“बघितले सर.”

“मग?”

“मग काय? त्यांना विचारलं होतं, निळाच का. ते म्हणाले, पाणी जगभर निळंच असतं. आणि लाल म्हणजे विष, ते आपलं नाही, म्हणून केशरी, सावधानतेचा.” तिने नमुने गुंडाळून ठेवले. “इतकी पोरं महिनाभर राबली आमच्यासाठी. फुकट. आता कुठल्या तोंडाने सांगू, की आमच्याकडे रंगांचं जरा निराळं आहे म्हणून?”

नांदेडला मोहरमच्या दिवसांत रस्त्यावर सबील लावतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला सरबत, पाणी. देणारा स्वतः पेला घेऊन उभा असतो. मी लहानपणापासून पाहतोय, तिथं कुणीही थांबतो, घोट घेतो आणि बिनधास्त सांगतो, “भाई, आज साखर कम है.” देणारा आत वळून ओरडतो, “अरे साखर डालो रे.” दान असं असावं, की घेणाऱ्याला साखर कमी आहे असं म्हणता यावं. पण त्यासाठी देणारा समोर उभा लागतो. पुण्याहून सरबत पाठवलं की कुणाला सांगणार?

गोलांचं लोकार्पण झालं. होय, गोलांचंही लोकार्पण होतं. मांडव घातला, शाल, श्रीफळ, हार. फुलं ताजी दिसावीत म्हणून एक कार्यकर्ता पुष्पगुच्छांवर पाणी शिंपडत होता, आणि समोर बसलेल्या बाया त्या हाताकडे बघत होत्या. पाहुण्यांच्या पुढ्यात बाटलीबंद पाणी होतं. एकाने दोन घोट घेऊन उरलेल्या पाण्याने चष्मा धुतला. भाषणात हेच पाहुणे म्हणाले, “उद्याच्या उदगीर जिल्ह्यातलं हे पहिलं जलसाक्षर गाव!” टाळ्या झाल्या. पुण्याहून आलेल्या मृण्मयीने फोटो काढले. एक फोटो फार सुरेख आला. गयाबाईची विहीर, तिच्या कठड्यावर निळा गोल, गोलात पांढरा थेंब, आणि शेजारी कमरेवर हात ठेवून गयाबाई. त्या फोटोला पुढे कसलंसं बक्षीस मिळालं.

पहिले काही दिवस लोक नुसते हसले. “तुमची विहीर कधी निळी झाली?” “तुमची कधी भगवी झाली?” अशी थट्टा दोन्हीकडून चालली. मग हसणं कमी झालं. मी पुन्हा गेलो तेव्हा व्यंकटरावांचा मुलगा दत्ता आपल्या विहिरीसमोर तीन-चार मित्रांबरोबर उभा होता. दत्ता एरवी गरीब स्वभावाचा, शिकलेला, नोकरी न लागलेला.

“सर, तुम्ही मराठीचे ना?” त्याने विचारलं. “मग वाचून दाखवा बरं हे.”

केशरी गोल. खाली ठसठशीत अक्षरांत ‘पिऊ नये’.

“भगव्यावर असं लिहितात का कुणी?” तो म्हणाला. “अन् तिकडं निळ्यावर ‘प्यावे’. हे कोण सांगून राहिलंय आम्हाला?”

“अरे दत्ता, पाणी खारट आहे. तपासलंय ते.”

“पाणी खारट हाय हे मला बी ठावं हाय सर. मी चूळ भरतोय की त्यानं चार महिनं.” त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. “खारट म्हणा. रंग कशाला देता?”

या गावात पाण्याला चव होती, भाव होता, वास होता, मालक होते. रंग नव्हता तेवढं बरं होतं. हौदावर जे कुणी म्हणत नव्हतं, ते आता लांबून दिसेल अशा टापटिपीने, उत्तम रंगसंगतीत, दोन्ही बाजूंना लिहून ठेवलं होतं.

मग बारीकसारीक गोष्टी घडू लागल्या. वरच्या गल्लीतल्या काही बाया हौदावर यायच्या बंद झाल्या. सासूची तब्येत, लेकराचा ताप, अशी कारणं. केशरी गोलांखालची ‘पिऊ नये’ ही अक्षरं कुणीतरी खरवडून काढली. राहिले नुसते केशरी गोल. मग निळा गोल कुणीतरी मोठा केला, कठडाभर. मग वरच्या गल्लीत विहिरीच नव्हे, घरांच्या भिंतीही रंगल्या. दुष्काळात मजुरी नव्हती, बी-बियाणं नव्हतं, पण रंग कुठून कुठून येत होता. दुपारच्या उन्हात गावात शिरलं की सगळं इतकं झगझगीत दिसायचं की एखाद्या सणाची तयारी चालली आहे असं वाटावं. फक्त आवाज नव्हता. कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती.

एका सकाळी हौदाच्या पाण्यावर तवंग दिसला. गाडीतून काढलेलं जळकं ऑईल. उन्हात त्यावर सगळे रंग नाचत होते. हौदाभोवती बाया उभ्या होत्या, घागरी रिकाम्या. कुणी टाकलं ते अजूनही कळलेलं नाही. दोन्हीकडच्या लोकांना मात्र पक्कं ठाऊक आहे.

पोलिसांची गाडी येऊन थांबली. बैठक झाली. त्याच संध्याकाळी व्यंकटराव मोटार काढून न्यायला आले. गयाबाई कठड्यापाशी बसली होती.

“मामा, मोटार नेता?”

“नेतो बाई.”

“माझ्यावर राग हाय का?”

“तुझ्यावर कशाचा राग?” व्यंकटराव पाना फिरवत होते. “पोरं आमचीच असतील, तुमची असतील. आज हौदात टाकलं, उद्या विहिरीत टाकतील. मोटार हाय तोवर हौद हाय, अन् हौद हाय तोवर ही कटकट हाय. तुझं पाणी तरी ऱ्हाऊ दे शाबूत.”

“दोर लावून देते की मी. बायांना म्हणावं, या.”

व्यंकटरावांनी मान वर केली नाही. मोटार बैलगाडीत घातली आणि गाडी चढाला लागली. गयाबाईने दोर लावला, नवा. रहाटाला तेल घातलं. भीमनगरच्या बाया तो ओढत राहिल्या. वरच्या गल्लीतून कुणी आलं नाही.

सुमनने मृण्मयीला सगळं फोनवर सांगितलं तेव्हा मी शेजारीच होतो. फोन स्पीकरवर होता. ऐकून मृण्मयी रडवेली होऊन म्हणाली, “ताई, मला आधी का नाही सांगितलं? रंग बदलायला तासभरही लागला नसता.”

सुमनने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “पैसे दिले असते ना सर, तर सांगितलं असतं.”

मी यावर बऱ्याचदा विचार केला आहे. लोकहिताची अशी कामं व्हायलाच हवीत, आणि दोन्ही बाजूंचं त्यात भलं होतं, हे मला मान्य आहे. पण किंमत नसलेल्या कामात नापसंतीलाही जागा उरत नाही. बिस्किटवाल्याने दुधाच्या धारेच्या जाडीवरून बैठका घेतल्या, कारण तो पैसे मोजत होता. सुमनकडे मोजायला फक्त आभार होते, आणि आभार मानणाऱ्याचं तोंड बंद असतं. कंपनीने आधीच बजावायला हवं होतं, आम्ही फुकट करतोय म्हणून तुम्ही गिऱ्हाईक नाही असं समजू नका, आमच्याशी भांडा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि भांडायचं कसं, हे आमच्यात ज्यांना शिकवावं लागत नाही, ते नको तिथं भांडत होते.

नंतरचं थोडक्यात सांगतो. त्या देखण्या अहवालामुळे आणि बक्षीस मिळालेल्या फोटोमुळे संस्थेला मोठी देणगी मिळाली. देणगीदारांना त्याच गावात काहीतरी करायचं होतं, गयाबाईच्या गावात. बैठकीत ठरलं, वरच्या गल्लीला त्यांचा स्वतःचा बोअर द्यावा, म्हणजे वादाला कारणच नको. सुमनला ते पटलं नव्हतं. तिला एकत्र हौदच हवा होता. पण शांतता सगळ्यांनाच हवी होती, पोलिसांना सर्वांत जास्त. बोअर पाडणारी गाडी आली, धुरळ्याचा पांढरा लोट आभाळात गेला, आणि पार खोलवर जाऊन पाणी लागलं. वरच्या गल्लीत गुलाल उधळला. पुढच्या अहवालात या प्रकरणाला ‘संघर्षातून समाधानाकडे’ असं नाव होतं. कागद गुळगुळीत, छपाई उत्कृष्ट.

बोअर गयाबाईच्या विहिरीच्या वरच्या अंगाला पडला होता. जमिनीखाली कुणाचा झरा कुणाकडे जातो याचा नकाशा कुणी काढलेला नसतो. दोन वर्षं विहीर तग धरून होती.

यंदा टँकरचे आवाज सुरू झाले तेव्हा मी जळकोटकडे जाऊन आलो. गोल कधीच पुसले गेलेत. पावसाने आणि चुन्याने. भिंतीही पूर्ववत झाल्या आहेत. गावात भांडण नाही. कुणाशी बोललात तरी लोक सांगतात, आता काही नाही सर, सगळं मिटलं, पोरं होती, उगं डोक्यात राख घालून घेतली. दत्ताचं लग्न झालंय. त्याने मला आग्रहाने चहा पाजला आणि वडील गेल्याचं सांगताना त्याचे डोळे भरून आले. बोअरची मोटार आता तोच चालू-बंद करतो.

गयाबाईची विहीर मी वाकून पाहिली. तळाला भेगा आणि एक फाटकी चप्पल.

ती स्वतः वरच्या गल्लीत भेटली, बोअरजवळच्या भिंतीच्या सावलीला, पालथ्या घागरीवर बसलेली. बाकीच्या बाया नळापाशी होत्या. गप्पा चालल्या होत्या, मला त्यांनी ओळखलं, बसायला खुर्ची आणली. गयाबाईला कुणी काही वाईट बोललं नाही. दत्ता उलट तिला काळजीने म्हणाला, “मावशी, तुम्ही कशाला उन्हात ताटकळता? घरी जाऊन पडा की. सगळ्यांचं झालं की मी आवाज देतो.”

“बरं,” ती म्हणाली, पण उठली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “लई चांगलं पोरगं हाय.”

“आवाज देतो का तो खरंच?” मी हळूच विचारलं.

“देतो की,” ती म्हणाली. “तवर लाईट असली तर.”